नावाचा दावा

माझ्या कादंबऱ्यांतील पात्रांची नावे मी शाळेच्या हजेरीपटावरून खुशाल उचलतो; अजून कोणी कोर्टात खेचलेले नाही! जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. तिने १९८१ साली ‘डाँकी काँग’ हा व्हिडिओ गेम काढला, आणि १९८२ मध्ये अमेरिकेतील युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेने दावा ठोकला : ‘किंग काँग’ हे नाव आमचे! त्या खेळाची घरगुती आवृत्ती विकणारी कोलेको कंपनी मुकाट्याने पैसे द्यायला तयार झाली. निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांनी मात्र जुने प्रकरण पुढे ठेवले. किंग काँगची कथा आता कोणाच्याच मालकीची नाही, असे १९७५ च्या एका दाव्यात खुद्द युनिव्हर्सलनेच म्हटले होते! न्यायमूर्ती स्वीट यांनी दोन नावांत लोकांचा घोटाळा होत नाही असे ठरवून निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिला. १९८४ साली अपिलातही तो टिकला. पुढे १९९२ मध्ये निन्टेन्डोच्या खेळांत एक गुबगुबीत नायक अवतरला. त्याचे नाव कर्बी.