आजोबांची वही

उल्हासनगरात आजही कित्येक जण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर 3, बॅरेक नंबर अमुक' असंच सांगतात. आमचाही पत्ता तसाच.

आजोबा फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून कल्याणजवळच्या छावणीत आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरेकींमध्ये सुमारे 1 लाख सिंधी निर्वासित राहिले. एका लांबलचक बॅरेकमध्ये अनेक कुटुंबं, मधली भिंत म्हणजे गोणपाटाचा पडदा. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली. छावणीला उल्हास नदीवरून शहराचं नाव मिळालं.

कराचीत आजोबांचं कापडाचं दुकान होतं. इथे आजी पापड लाटायची, आजोबा लोकलमध्ये विकायचे. हिशेबाची वही मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

ती वही आता माझ्याकडे आहे, पण मला वाचता येत नाही. अरबी वळणाची सिंधी, 52 अक्षरं, उजवीकडून डावीकडे. 1967 मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण आमच्या घरातून ती लिपी तोवर निघून चालली होती. आई बदलापूरची, मी मराठी शाळेतला.

शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या काकांनी वही वाचून दाखवली. मागची पानं पापडाची. पुढची सगळी कराचीतल्या गिऱ्हाइकांच्या उधारीची. नाव, कापड, रक्कम.

एवढा प्रवास करून माणसानं येणी सोबत आणली होती. त्यातली एकही खोडलेली नव्हती.

मी आता अलिफ-बे शिकतोय.