भाताच्या पानांवरील अतिनील किरणांचा परिणाम

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे, विशेषतः यूव्ही-बी किरणांमुळे, भाताच्या (शास्त्रीय नाव: ओरायझा सटायव्हा) पानांच्या रचनेत व कार्यात बदल होतात. पानाला होणारी इजा किरणांच्या मात्रेवर अवलंबून असते, तशीच ती त्या वाणाच्या डीएनए-दुरुस्तीच्या क्षमतेवरही अवलंबून असते.

पार्श्वभूमी

तरंगलांबीनुसार अतिनील किरणांचे यूव्ही-सी (१००–२८० नॅनोमीटर), यूव्ही-बी (२८०–३१५ नॅनोमीटर) व यूव्ही-ए (३१५–४०० नॅनोमीटर) असे तीन प्रकार पडतात. यूव्ही-सी किरण वातावरणात शोषले जातात, तर यूव्ही-बी किरणांचा बराचसा भाग ओझोनचा थर अडवतो. अंटार्क्टिकावरील ओझोनची घट १९८५ मध्ये उजेडात आल्यानंतर पिकांवरील यूव्ही-बीच्या परिणामांच्या संशोधनाला गती मिळाली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतही भातावर असे प्रयोग झाले.

पानांवरील परिणाम

यूव्ही-बीची मात्रा वाढल्यास संवेदनशील वाणांत पानांचे क्षेत्रफळ, रोपाची उंची आणि फुटव्यांची संख्या घटते. पानांवर तपकिरी ठिपके दिसू शकतात. हरितद्रव्य व रुबिस्को या विकराचे प्रमाण कमी झाल्याने प्रकाशसंश्लेषण मंदावते.

पेशींच्या डीएनएमध्ये शेजारी असलेले थायमिन किंवा सायटोसिनचे घटक यूव्ही-बीमुळे एकमेकांना जोडले जातात. या जोडांना सायक्लोब्युटेन पिरिमिडीन द्विवारिके म्हणतात. त्यांच्यामुळे डीएनएच्या प्रती तयार होण्यात व जनुकांच्या कार्यात अडथळा येतो.

संरक्षण व दुरुस्ती

पानाच्या बाह्यत्वचेत साठणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये यूव्ही-बी किरण शोषून आतील पेशींचे रक्षण करतात. झालेली इजा फोटोलायेज हे विकर दुरुस्त करते. हे विकर निळ्या व यूव्ही-ए प्रकाशाची ऊर्जा वापरून द्विवारिके तोडते. म्हणजेच इजा करणाऱ्या सूर्यप्रकाशातच दुरुस्तीची ऊर्जाही असते. भातात हे विकर केंद्रक, हरितलवक आणि तंतुकणिका या तिन्ही ठिकाणी कार्य करते.

वाणांमधील फरक

जपानमधील 'सासानिशिकी' हा वाण यूव्ही-बीला प्रतिकारक, तर त्याच्याशी जवळचे नाते असलेला 'नोरिन १' संवेदनशील आहे. तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी या फरकाचे मूळ फोटोलायेजमध्ये शोधले. या विकरातील १२६व्या स्थानी सासानिशिकीत ग्लुटामिन, तर नोरिन १ मध्ये आर्जिनिन हे अमिनो आम्ल असते. या एका बदलामुळे नोरिन १ मधील दुरुस्तीची क्षमता घटते. जनुकीय तंत्राने या विकराचे प्रमाण वाढवलेल्या रोपांची प्रतिकारक्षमता वाढल्याचे आढळले आहे.

प्रयोगांच्या मर्यादा

हरितगृहातील वा वाढकक्षातील दृश्य प्रकाश अनेकदा उघड्या शेतातील उन्हापेक्षा कमी असतो. त्यामुळे दुरुस्ती अपुरी पडून यूव्ही-बीचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा भासू शकतो. फिलिपिन्समधील शेतावरील प्रयोगांत वाढीव यूव्ही-बीचा उत्पादनावरील परिणाम अल्प आढळला. म्हणून केवळ बंदिस्त जागेतील निष्कर्षांवरून शेतातील नुकसानीचा अंदाज बांधणे योग्य ठरत नाही.

महत्त्व

ओझोनचा नाश करणाऱ्या द्रव्यांवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि त्यामुळे यूव्ही-बीमध्ये मोठी वाढ होण्याचा धोका टळला. तरीही उष्ण कटिबंधात सूर्य डोक्यावर असल्याने आणि ओझोनचा थर तुलनेने पातळ असल्याने तेथील भातपिकावर मुळातच अधिक यूव्ही-बी पडते. अशा प्रदेशांसाठी वाण निवडताना फोटोलायेजची कार्यक्षमता हा उपयुक्त निकष ठरू शकतो.