आयता नायक, घडवलेला नायक

'स्कायरिम' सुरू होतो तेव्हा तुमचे हात बांधलेले असतात. घोडागाडीतून काही कैदी हेल्गन नावाच्या गावात आणले जातात, यादीतली नावं पुकारली जातात आणि तुमच्यापाशी येऊन शिपाई अडतो. तुमचं नाव यादीत नाही. तो विचारतो, तू कोण? तिथे गोष्ट थांबते आणि निवडीचा फलक उघडतो. दहा वंशांपैकी कुठला, पुरुष की बाई, नाक किती रुंद, गालावर व्रण हवा का, नाव काय. या फलकावर लोक तासभर रमतात. सगळं मनासारखं झालं की कप्तान बाई यादी बाजूला सारते आणि तुम्हाला शिरच्छेदाच्या ओंडक्याकडे पाठवते. ऐन वेळी आभाळातून ड्रॅगन येतो म्हणून तुम्ही वाचता. पुढे तुम्ही मार्जारमुखी चोर असा नाहीतर उंचापुरा योद्धा, पहिला ड्रॅगन मारलात की त्याचा आत्मा तुमच्या अंगात शिरतो आणि पहारेकरी चकित होऊन पाहत राहतात. तुम्ही 'ड्रॅगनबॉर्न' आहात, जगाला वाचवणारा ठरलेला वीर. हे तुम्ही निवडलेलं नव्हतं.

२०११ सालच्या या खेळात दोन घराणी एकाच घरात नांदतात. एका घराण्यात नायक खेळणाऱ्याने घडवायचा असतो, तर दुसऱ्यात तो नाव, घराणं, भूतकाळ आणि भवितव्यासह आयता हातात येतो. रोल-प्लेइंग खेळांची कुळकथा सांगताना बहुतेक जण १९७४ पासून, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरुवात करतात आणि मोकळीक आधी आली, आयता नायक नंतर घुसला असं मांडतात. मला ही वंशावळ पाच वर्षं मागून सुरू करावीशी वाटते, कारण तिथे क्रम उलटा आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनश्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव, आणि त्याच्याकडे येणाऱ्या फौजा. नेहमीच्या युद्धखेळात खेळाडू सैन्य हलवतो. वेस्लीने प्रत्येकाला एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख, कोणी सावकार, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र हेतू. भूमिका वाटून दिलेल्या होत्या, त्यात निवड नव्हती. पण खेळाडू ठरल्या जागी बसेनात. ते उठून कोपऱ्यात कुजबुजायला लागले, कट शिजले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. त्याचा नियमच नव्हता, वेस्लीला तो तिथल्या तिथे बनवावा लागला. खेळ फसला असं त्याला वाटलं, आणि मंडळी पुढचा डाव कधी म्हणून मागे लागली.

मोकळीक जन्मली ती इथे, दिलेल्या भूमिकेच्या पोटातून. तिला जन्माला येण्यासाठी नियम वाकवू शकणारा एक जिवंत माणूस समोर लागला, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेत निर्णायक ठरली.

त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. वेस्लीच्या पुढच्या एका डावात तो शांततावादी विद्यार्थी क्रांतिकारक होता आणि खोटं सीआयए ओळखपत्र दाखवून त्याने भल्याभल्यांना गुंडाळलं. मग त्याने स्वतःचं 'ब्लॅकमूर' उभं केलं. त्यात नवं होतं ते पात्राचं आयुष्य. डाव संपला तरी पात्र संपत नसे. पुढच्या बैठकीत ते जखमा, लूट आणि अनुभव घेऊन परत येई. विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हामध्ये राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सला हे आवडलं आणि दोघांनी मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तीन छोट्या पुस्तिकांचा डबा बाजारात आणला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

त्या पुस्तिकांतलं पात्र आजच्या अर्थाने 'घडवलेलं' नव्हतं. ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि छाप या सहा गुणांसाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, आणि मूळ नियमात ते खेळाडूने नाही तर पंचाने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, टाकायचे होते. जे पडेल ते पदरी. तीनपासून अठरापर्यंत काहीही. त्यातून योद्धा, जादूगार किंवा पुरोहित यांपैकी एक व्हायचं. मात्र पुढे एक उदार सूचना होती. कोणाला ड्रॅगन व्हायचं असेल तर होऊ द्या, फक्त सुरुवात दुबळ्यापासून करा. मला तिच्यात या कलेचा आत्मा दिसतो. तुम्ही कोणीही नसता. मोठेपण आधी मिळत नाही, ते वाटेत कमवायचं असतं. भविष्यवाणी नाही, राजरक्त नाही. पहिल्या लेव्हलचा योद्धा एका घावात मरत असे आणि मग नवा कागद, नवे फासे.

हा खेळ कॉम्प्युटरवर लगोलग आला. १९७५ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ लिहिले. फासे, गुण, राक्षस, नकाशे, सगळं यंत्राला जमलं. पंच होणं मात्र जमलं नाही. द्वंद्वयुद्ध मागितलं तर नियम बनवणारा वेस्ली यंत्रात नव्हता. आधी लिहून ठेवलं असेल तेवढंच होणार. मोकळीक मधून गेली, ती मग दाराशी आणून ठेवण्यात आली. खेळात काय करायचं ते ठरलेलं, पण आत कोण जाणार ते तुम्ही ठरवा. १९८१ च्या 'विझर्ड्री'त सहा जणांची टोळी तुम्ही स्वतः बनवता. वंश, पेशा, सज्जन की दुर्जन, सगळं तुमच्या हातात, आणि वर वाटायला काही गुण. हे वाढीव गुण दैवावर असत, म्हणून चांगला आकडा येईपर्यंत लोक पात्र बनवत आणि पुसत बसत. कॅरेक्टर क्रिएशनच्या फलकाचं आजचं अवाढव्य रूप या भरपाईतून वाढलेलं आहे, असं माझं मत आहे.

आणि मग रिचर्ड गॅरियट. त्याच्या 'अल्टिमा' मालिकेत खेळाडू गावकऱ्यांना लुटत, मारत आणि शेवटी जगाचे तारणहार ठरत. हे त्याला खुपलं. १९८५ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ४'मध्ये त्याने फलकच काढून टाकला. त्याऐवजी एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडून बसते आणि सात प्रश्न विचारते. न मोजलेल्या सोन्याची थैली पोचवायची जबाबदारी तुमच्यावर आहे, वाटेत भिकारी भेटला. थैली तशीच पोचवाल की त्याला एक नाणं द्याल? प्रामाणिकपणा की करुणा? दर प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर, एक उरतो, एक गळतो. शेवटी उरलेला गुण तुमचा पेशा ठरवतो. करुणा असेल तर भाट, शौर्य असेल तर योद्धा, नम्रता असेल तर मेंढपाळ, आणि मेंढपाळाच्या वाट्याला सगळ्यांत खडतर वाट. इथे नायक म्हणजे खुद्द तुम्ही, तुमच्या उत्तरांसकट. मारायला कोणी दुष्ट सम्राटही नाही. आठ सद्गुण आचरून 'अवतार' या पदाला पोचायचं, एवढंच ध्येय.

या खेळात जादूची सामग्री विकणारी आंधळी माणसं आहेत. मालाची किंमत सांगून ती पैसे तुम्हालाच मोजून ठेवायला लावतात. तुम्ही एकच नाणं ठेवलंत तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, पहारेकरी धावत नाही. पण आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा खाली घसरलेला असतो आणि पुष्कळ पुढे गेल्यावर तुम्हाला कळतं की वाट अडली आहे. पंचाची जागा पहिल्यांदा कोणीतरी भरून काढली. यंत्राला नियम वाकवता येत नसतील, पण आठवण ठेवता येते, हे गॅरियटने दाखवलं. नाक-डोळे निवडण्याच्या स्वातंत्र्यापेक्षा हे स्वातंत्र्य मला कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरं घराणं जपानात वाढलं, आणि तेही याच पूर्वजांपासून. यूजी होरी 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' मनापासून खेळला होता. घराघरांतल्या फॅमिकॉम यंत्रावर, दोन-चार बटणांत, मुलांना कळेल असा तसा खेळ त्याला हवा होता. २७ मे १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. इथे गुणांचा कागद नाही, पेशा नाही. तुम्ही एका पौराणिक वीराचे वंशज, राजाने राक्षसराजाच्या पारिपत्याला पाठवलेले. तुमच्याकडून फक्त नाव मागितलं जातं. गंमत म्हणजे त्या नावाच्या अक्षरांवरून तुमची ताकद आणि चपळाई कशी वाढणार हे खेळ गुपचूप ठरवतो. नायक एक शब्द बोलत नाही. होरीने त्याला मुका ठेवला तो खेळणाऱ्याचा आवाज त्याच्यात राहावा म्हणून.

याच खेळात सोडवलेली राजकन्या तुमच्या प्रेमाची कबुली मागते. 'नाही' म्हटलंत तर ती दुखावते आणि पुन्हा तेच विचारते, 'हो' म्हणेपर्यंत. शेवटी राक्षसराज अर्धं जग देऊ करतो तेव्हा मात्र 'हो' म्हणता येतं, आणि तिथेच तुमची वाट संपते. खोटी निवड आणि खरी निवड, दोन्ही एकाच खेळात.

'फायनल फँटसी'चा प्रवास झटपट झाला. १९८७ च्या पहिल्या भागात चार बिनचेहऱ्याचे वीर, ज्यांचे पेशे तुम्ही निवडायचे. दुसऱ्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात नाव-गाव-दुःख असलेली ठरीव माणसं. तिथून हे घराणं मागे फारसं वळलं नाही. १९९७ च्या सातव्या भागातला क्लाउड स्वतःला मोठा लढवय्या समजतो आणि अर्धा खेळ उलटल्यावर कळतं की तो सांगत असलेल्या आठवणी त्याच्या नाहीतच, मेलेल्या मित्राच्या आहेत. ही गोष्ट फलकावर बनवलेल्या नायकाच्या बाबतीत सांगता येणार नाही, कारण अशा नायकाला हरवायला भूतकाळच नसतो. त्याच खेळात क्लाउडची सोबतीण एरिथ मरते आणि तिला वाचवायची कुठलीच युक्ती नाही. लोक वर्षानुवर्षं ती युक्ती शोधत राहिले. निवडीची मुभा नसतानाही खेळणाऱ्याचा जीव कसा गुंततो याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

कोकणातल्या दशावतारी नाटकात आख्यान सगळ्यांना पाठ असतं, कोण मरणार हेही. पण संवाद लिहिलेले नसतात. ते नट उभ्या उभ्या रचतो आणि लोक त्यासाठी रात्रभर बसतात. दोन घराण्यांची खरी सोयरीक जुळली ती अशाच रीतीने. १९९९ च्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'मध्ये नायक शवागारात जागा होतो. नाव नाही, स्मृती नाही, पाठीवर गोंदलेल्या सूचना आहेत, ज्या एक बोलकी कवटी त्याला वाचून दाखवते. तो कितीदा मेला आणि उठला, आधीच्या जन्मांत त्याने कोणाचा घात केला, हे सगळं ठरलेलं आहे आणि ते बदलत नाही. खुली आहे ती आजची वागणूक. सज्जन-दुर्जन हा रकाना इथे सुरुवातीला भरायचा नसतो. तुम्ही वचन पाळता की मोडता, त्यावरून तो आपोआप सरकत राहतो. २००२ च्या 'मॉरोविंड'ने उलट बाजूने तेच साधलं. प्राचीन वीराचा पुनर्जन्म होणार अशी भविष्यवाणी आहे, पण तो तुम्हीच कशावरून? एका गुहेत तुमच्या आधीच्या फसलेल्या दावेदारांची भुतं भेटतात. आणि कथेला लागणारं माणूस तुम्ही मारलंत तर खेळ सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, हवं तर या बुडत्या जगात राहा. 'स्कायरिम' याच मालिकेतला, पण त्याने ही शंका सोडून दिली याची मला हळहळ वाटते.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टची गोष्ट बोलकी आहे. आंजेय सापकोव्स्कीच्या कथांवरून 'विचर' करायला घेतला तेव्हा खेळाडूने स्वतःचा विचर, म्हणजे राक्षस मारणारा भाडोत्री शिकारी, बनवावा असा बेत होता. मग तो बदलला आणि २००७ मध्ये पुस्तकातलाच गेराल्ट आला, स्मृती गेलेला. एका रात्री तुम्ही व्यापाऱ्याच्या पेट्यांची राखण करत असताना एल्फ येतात आणि पेट्या मागतात. देऊन टाकल्या तर काही घडत नाही. पुढच्या अध्यायात मात्र ज्याच्याकडून माहिती हवी तो माणूस बाणांनी मरून पडलेला सापडतो. तोवर इतका वेळ गेलेला असतो की जुना सेव्ह उघडून चूक पुसण्यात अर्थ उरत नाही. गॅरियटचा आंधळा विक्रेता इथे नव्या वेषात उभा आहे.

आयत्या नायकाकडे झुकण्यामागे एक रोखठोक कारणही आहे, ते म्हणजे आवाज. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) नायक मुका होता, म्हणून सहा वेगवेगळ्या जन्मकथा परवडल्या. एल्फ वस्तीतला, बुटक्यांच्या राजघराण्यातला, मनोऱ्यातला जादूगार. २०११ च्या दुसऱ्या भागात नायकाला आवाज मिळाला आणि सगळे वंश जाऊन हॉक नावाचा माणूस उरला. प्रत्येक वाक्य पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचं म्हटल्यावर सहा कुळं कुठून पोसणार? बेल्जियमच्या लॅरियनने २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये नायकाला संवादांत पुन्हा मुका केला आणि सोबत्यांना आवाज दिला. त्या सोबत्यांपैकी कोणी होऊन खेळा किंवा स्वतःचा नायक बनवा, दोन्ही दारं उघडी. दहातल्या नवांहून अधिक खेळाडूंनी स्वतःचा बनवला.

आयत्या नायकाचा आपल्याकडचा दाखला द्यायचा तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०). तो रोल-प्लेइंग नाही, ॲक्शन खेळ आहे. भावाला राक्षसांनी पळवलेली राजी, तिच्या पाठीशी दुर्गा. नायिका पूर्ण आयती, आणि तिच्या कथेला तेच शोभतं.

२०२४ च्या डिसेंबरात 'विचर ४'ची घोषणा झाली आणि नायिका म्हणून गेराल्टची मानलेली मुलगी सिरी पुढे आली. तिसऱ्या भागात (२०१५) तिचं काय व्हायचं ते खेळणाऱ्याच्या वागण्यावर होतं. तिच्याशी तुम्ही कसे बोललात, तिच्यावर विश्वास टाकलात की तिला पाठीशी घातलंत, यावरून ती सम्राज्ञी होई, विचर होई किंवा परतच येत नसे. नव्या खेळाने त्यांतली विचर झालेली सिरी घेतली आहे. ज्यांनी तिला सिंहासनावर बसवलं आणि ज्यांनी तिला गमावलं, त्यांच्या शंभर-शंभर तासांना नव्या गोष्टीत जागा कशी मिळणार, हा प्रश्न आता वॉर्सातल्या लेखकांच्या टेबलावर आहे.