वेगाची उधारी

नोव्हेंबर १९९५ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रो आला. मेमरीतून माहिती येईपर्यंत स्वस्थ बसायचे नाही. पुढचे काम अंदाजाने आधीच उरकायचे आणि अंदाज चुकला तर ते टाकून द्यायचे, ही युक्ती इंटेलने त्यात आणली. पुढे घरोघरचे संगणक याच वाटेने वेगवान झाले.

टाकलेल्या कामाचा मागमूस उरत नाही, असा समज होता. तो अर्धाच खरा. उत्तर पुसले जाई, पण त्यापायी आणलेली माहिती कॅशमध्ये तशीच राही. कॅशमधली नोंद चटकन मिळते, बाहेरची उशिरा. गुपित आकड्याने कोणती नोंद आत ओढली, हे नुसती वेळ मोजून ओळखता येई! कुलूप शाबूत, चोरी मात्र झालेली.

१ जून २०१७ रोजी गूगलच्या यान हॉर्न यांनी हे इंटेल, एएमडी आणि आर्म यांना कळवले. ३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ जगजाहीर झाले. मेल्टडाउनमधून एएमडी सुटली. स्पेक्टरने तिघांनाही गाठले.

मेल्टडाउनवर उपाय म्हणून कर्नलची मेमरी प्रोग्रॅमच्या नजरेआड करण्यात आली. त्यामुळे कर्नलकडची प्रत्येक खेप महागली. गेम खेळणाऱ्याला ते फारसे जाणवले नाही. डेटाबेस चालवणाऱ्याला जाणवले.