रंगदोषांचा शोध

आपल्या जुन्या घरांतील अल्बम उघडून पाहिले तर एक विसंगती ध्यानात येते. आजोबा-पणजोबांच्या काळातील कृष्णधवल छायाचित्रे बहुधा शाबूत असतात. उलट १९७० च्या दशकातील लग्नकार्यांची रंगीत छायाचित्रे तांबूस पडलेली दिसतात. हिरवा शालू तपकिरी झालेला असतो आणि चेहरे विटकरी. हा दोष छायाचित्रकाराचा, कागदाचा की आपल्या साठवणुकीचा? याचे उत्तर रंगीत डार्करूमच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बव्हंशी दोषांची कारणे शोधण्याचाच इतिहास आहे.

कृष्णधवल प्रतीत अखेर चांदी उरते. रंगीत प्रतीतून चांदी काढून टाकली जाते आणि पिवळे, किरमिजी व हिरवट निळे अशी तीन रंगद्रव्ये तेवढी उरतात. ती डेव्हलपरच्या क्रियेतूनच निर्माण करता येतात, हे रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनज्ञाने १९१२ च्या सुमारास दाखविले. त्यासाठी लागणाऱ्या द्रव्यांना ‘कपलर’ म्हणतात. परंतु हे कपलर एका थरातून दुसऱ्या थरात झिरपत आणि रंगांची सरमिसळ होई. हा पहिला मोठा दोष दूर व्हायला जवळजवळ पाव शतक गेले. १९३६ साली आग्फाने कपलरच्या रेणूंना लांब शेपटी जोडून त्यांना जागीच खिळविले. कोडॅकने ते तेलाच्या सूक्ष्म थेंबांत बंद केले आणि १९४२ मध्ये ‘कोडाकलर’ ही निगेटिव्ह फिल्म बाजारात आणली.

या मधल्या काळातील एक मराठी प्रयत्न येथे नोंदविला पाहिजे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्या चित्रपटाची रंगप्रक्रिया निराळी होती. तरी चित्रण एका देशात आणि प्रयोगशाळा दुसऱ्या देशात असताना चाचणीची प्रत काढून, दोष ओळखून, पुन्हा प्रयत्न करणे किती दुष्कर असेल, हे सहज समजण्याजोगे आहे. रंगीत छपाईचा प्राण आमच्या मते या चाचणीतच आहे.

ही चाचणी कशी चाले? रंगीत कागदास सर्व रंगांचा प्रकाश बाधत असल्याने काम जवळजवळ पूर्ण अंधारात करावे लागे. प्रत वाळल्यावरच तिचा रंग पारखता येई. सर्वत्र सारखी पिवळी झाक असेल तर एन्लार्जरमध्ये पिवळा फिल्टर वाढवायचा, हिरवी असेल तर किरमिजी फिल्टर कमी करायचा. नवशिक्यास हा नियम उलटा वाटे, पण निगेटिव्हवरून छापताना तोच खरा. मात्र छायेचा भाग एका रंगाकडे आणि उजेडाचा भाग विरुद्ध रंगाकडे झुकलेला असेल, तर कोणत्याही फिल्टरचा उपयोग नसे. तेथे कागद शिळा, रसायन बिघडलेले किंवा निगेटिव्हच सदोष असे. पट्टे उमटले तर द्रावण नीट हलविले गेले नाही, किंवा डेव्हलपर पुरता निथळण्याआधी प्रत पुढच्या द्रावणात गेली, असे समजावे. सकाळी जमलेला रंग संध्याकाळी बदलला तर तापमान आणि व्होल्टेज तपासावे, कारण व्होल्टेज उतरले की दिव्याचा प्रकाश तांबडा होतो. जुन्या ‘ईपी-२’ पद्धतीत डेव्हलपर सुमारे ३३ अंश सेल्सिअसवर साडेतीन मिनिटे लागे, तर १९८० च्या दशकात आलेल्या ‘आरए-४’ पद्धतीत ३५ अंशांवर ४५ सेकंद पुरतात. अर्ध्या अंशाचा फरकही रंग बिघडवू शके. म्हणून जाणता कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदली आणि प्रत्येक प्रतीची नोंद ठेवी.

दिसणारा प्रत्येक विकार दोष असतो असेही नाही. जुन्या रंगीत निगेटिव्हवरील नारिंगी झाक हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. रंगद्रव्ये शुद्ध नसल्याने होणारी चूक तिच्यामुळे भरून निघते. कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांची ही युक्ती.

याउलट सर्वांत घातक दोष डार्करूममध्ये दिसतच नव्हता. १९४२ ते १९५३ या काळातील कोडाकलर प्रती तयार होताना निर्दोष वाटत. पण कागदात उरलेला किरमिजी रंगाचा कपलर पुढे स्वतःच पिवळा पडत गेला आणि त्या प्रती डागाळल्या. १९७० च्या दशकातील अनेक कागदांत हिरवट निळे द्रव्य दुबळे होते. ते अंधारातही विरते, उष्ण व दमट हवेत अधिक लवकर, आणि मागे तांबडेपणा उरतो. अर्थात, प्रती पेटीत जपून ठेवणाऱ्या कुटुंबाचा त्यात अपराध नव्हता. चित्रपटांच्या प्रतींवरही हेच संकट आले. १९८० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. हेन्री विल्हेल्म यांनी रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे संशोधन १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. पुढील कागद पुष्कळ सुधारले, पण आधी छापलेल्या प्रतींचे भवितव्य बदलले नाही.

तेव्हा वाचकांना आमचे सांगणे इतकेच की, निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. त्याही फिकटतात, पण पुष्कळदा प्रतीपेक्षा अधिक रंग राखून असतात. चिकट पानांचे अल्बम आणि तापणारा माळा टाळावा. कोरडी, थंड जागा निवडावी. तांबूस झालेल्या प्रतींचेही आताच स्कॅनिंग करून घ्यावे. थोडा निळा रंग शिल्लक असेल तर संगणकावर तो उठावदार करता येतो. तो पूर्ण विरल्यावर मात्र उरतो केवळ अंदाज. आणि छायाचित्रातील माणसांची नावे जाणणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती नावेही लिहून ठेवावीत.