सय्यद गफ्फारचा निरोप

३ मे १७९९, संध्याकाळ

श्रीरंगपट्टणच्या तटाला पश्चिमेच्या अंगाला खिंडार पडलं. म्हैसूर राज्याची ही राजधानी कावेरीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर वसलेली. पण ऐन उन्हाळ्यातली कावेरी ती; खडक उघडे पडलेले, माणूस चालत पार होईल इतकंच पाणी. पाऊस लागला की हीच नदी कुठल्याही खंदकाला भारी पडते. टिपू सुलतानाला थोडे आठवडे काढायचे होते, बस.

पलीकडे वेढा घालणाऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती जनरल हॅरिसही दिवस मोजत होता. एप्रिलच्या मध्यावर त्याने कोठार तपासलं, तेव्हा अर्ध्या शिध्यावर भागवलं तरी लढत्या माणसांना तांदूळ मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पुरणार असं दिसलं. इकडे पावसाची वाट, तिकडे तांदळाचा तळ. वेढ्यातला प्रत्येक तास म्हणूनच मोलाचा होता.

४ मे, पहाट

उजाडायच्या आत ४,३७६ माणसं मोर्च्यांत येऊन दबा धरून बसली. त्यांतले २,४९४ गोरे, बाकीचे हिंदी शिपाई. पुढारी डेव्हिड बेअर्ड. १७८० च्या लढाईत पकडला गेल्यावर याच किल्ल्यात त्याने साडेतीन वर्षांहून जास्त कैद काढली होती. हल्ला भर दुपारी करायचा ठरलं होतं, किल्ल्यातली माणसं जेवणाखाण्यात आणि सावलीला असतील म्हणून.

सकाळ

ज्योतिष्यांनी दिवस वाईट सांगितला होता. टिपू वाड्यात आला, स्नान केलं आणि ब्राह्मणांना दानं दिली: हत्ती, म्हैस, काळा बैल, काळी शेळी, काळं कापड, गळिताचं धान्य, रोकड. तेलाने भरलेलं एक लोखंडी भांडंही होतं. सुलतान त्यावर वाकला, तेलात आपला चेहरा पाहिला आणि मग ते दान केलं. शनीची पीडा टळावी म्हणून तेलात तोंड पाहून ते तेल देणारी माणसं आपल्याही घरांत होती. टिपूला एकाच रंगात रंगवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी त्या भांड्यापाशी घटकाभर थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारच्या आधी

खिंडाराकडची बाजू सय्यद गफ्फार सांभाळत होता. दरबारात मान असलेला, सुलतानाच्या खास विश्वासातला हा सरदार. पूर्वी तो इंग्रजांच्या फौजेत होता, त्यामुळे गोऱ्यांची हालचाल त्याला नुसती पाहून कळे. मोर्च्यांत दाटी वाढलेली त्याने हेरली आणि सुलतानाकडे निरोप धाडला: हल्ला आजच होणार.

टिपूला ते पटलं नाही. दिवसाढवळ्या ते चालून येणार नाहीत, असं त्याचं उत्तर आलं.

माझ्या मते श्रीरंगपट्टण इथे पडलं. टिपूचा दिवाण मीर सादिकने पगारवाटपाच्या निमित्ताने खिंडारावरची माणसं हलवली, ही फितुरीची हकीकत घरोघर पोचली आहे. टिपूच्या दरबारातल्या किरमाणीच्या इतिहासातही ती येते. ती पूर्ण खरी मानली तरी गफ्फारचा निरोप त्याआधी पोचला होता. सांगणारा जाणकार होता, निष्ठावंत होता, आणि ऐकणाऱ्याने ऐकलं नाही.

दुपारी बाराच्या पुढे

उत्तरेच्या तटावर, पाण्याकडच्या दिंडी दरवाजाजवळ टिपू जेवायला बसला. जेवण पुरं व्हायच्या आत बातमी आली: सय्यद गफ्फार तोफेच्या गोळ्याने ठार. सुलतानाने त्याची जागा महंमद कासिमला दिली, हात धुतले, तलवार कमरेला लावली आणि तो निघाला.

मदत कुठूनच येणार नव्हती. १७८८ च्या ऑगस्टमध्ये टिपूचे वकील मदत मागायला व्हर्सायला फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या दरबारात उभे राहिले होते. पुढे त्या राजाचाच शिरच्छेद झाला. १७९८ मध्ये मॉरिशसहून शंभराच्या आसपास माणसं घेऊन फ्रेंच अधिकारी शापुई आला, तो आता याच तटाच्या आत अडकला होता. नेपोलियन त्या दिवशी पॅलेस्टाइनमध्ये, आक्र्याच्या वेढ्यात. आणि पुणं? १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या जोडीने याच बेटापर्यंत आले होते. या खेपेला पेशव्यांची फौज कुणाच्याच बाजूने आली नाही.

दुपारी एक ते दीड

बेअर्ड मोर्च्यावर चढला आणि तलवार उपसून त्याने माणसांना हाक दिली. पाणी, खडक, पुन्हा पाणी, मग खिंडार. सहा-सात मिनिटांत वर इंग्रजी निशाण. पण माथ्यावर पोचलेल्यांना समोर आणखी एक खोल खंदक आणि त्यापलीकडे दुसरा तट दिसला. ही आतली फळी नेटाने लढली असती तर? खंदक ओलांडायची अरुंद वाट हल्लेखोरांना सापडली आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

टिपू पायीच तटावर लढत होता. स्वतः बंदुका झाडत मागे सरकत आला. जखमी झाल्यावर घोड्यावर बसला. आतल्या दरवाजात पळणाऱ्यांची इतकी कोंडी झाली होती की पुढे सरकायला जागा नव्हती. तिथेच तो पडला. आपण कोण हे सांगून टाका, असं राजा खान या सेवकाने सुचवलं. त्याने नकार दिला. एका गोऱ्या शिपायाने त्याच्या तलवारीच्या जडावाच्या पट्ट्याला हात घातला. टिपूने पडल्यापडल्या वार केला आणि शिपायाने त्याच्या कानशिलात गोळी झाडली.

संध्याकाळ आणि रात्र

वाड्यात शहजाद्यांनी शरणागती दिली, पण सुलतान सापडेना. अंधार पडल्यावर मशालींच्या उजेडात दरवाजातल्या प्रेतांच्या ढिगातून त्याचा देह बाहेर काढला. मीर सादिकला म्हैसूरच्याच शिपायांनी मारलं होतं. शापुई कैद झाला. रात्रभर शहर लुटलं गेलं.

५ मे

टिपूला गुंबजात वडील हैदर अलीशेजारी दफन केलं. पुढे ३० जूनला जुन्या राजघराण्यातल्या, सुमारे पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयरांना म्हैसुरात गादीवर बसवलं. दिवाण झाला टिपूचाच कारभारी पूर्णय्या. आणि किल्ला पडला त्या गोंधळात तुरुंगातून धोंडजी वाघ निसटला. टिपूने ज्याला मुसलमान करून कैदेत टाकलं होतं, तो हा मराठा शिपाईगडी पुढे वर्षभराहून अधिक काळ इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेला तुंगभद्रेच्या आसपास झुंजवत राहिला, १० सप्टेंबर १८०० ला लढता लढता पडेपर्यंत.