ऱ्हाइनचं सोनं आणि आमची वैनगंगा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ऑगस्ट १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट या गावी रिचर्ड वाग्नरचं ‘निबेलुंगाची अंगठी’ हे चार रात्रींचं संगीत नाटक पहिल्यांदा सलग रंगलं. त्यानंतर चारच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शब्द स्वतः लिहायचे, चाली स्वतः ठरवायच्या, तालमीही स्वतःच घ्यायच्या, हा खटाटोप दोन्हीकडे सारखाच. म्हणून ऑपेरा म्हटलं की ‘ते किंचाळणं आपल्याला झेपायचं नाही’ असं म्हणत आपल्याकडे जे हात झटकले जातात, ते मला पटत नाही. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर देत ज्या भाषेनं पहाट केली, तिला गाऊन बोलणारी माणसं परकी का वाटावीत?

आम्ही तर झाडीपट्टीतले. धान घरात आलं की आमच्याकडे मंडप पडतात आणि नाटक रात्रभर चालतं. वाजवणारे मंचाच्या पुढ्यातच बसलेले असतात. त्यांच्या डोक्यावरूनच नट बघायचा. वाग्नरनं बायरॉइटला नेमकं उलट केलं. वाद्यवृंद मंचाखालच्या खड्ड्यात झाकून टाकला, म्हणजे सूर कुठून येतात ते दिसूच नये. मला आमची पद्धत बरी वाटते. पण व्हिडिओवर ऑपेरा पाहताना हा वाद मिटतो, कारण वाजवणारे दाखवायचे की नाही ते कॅमेराच ठरवतो. आपण काय बघायचं हेसुद्धा तोच ठरवतो. रेकॉर्डिंग पाहून प्रयोगाची पारख करताना हे एक भान ठेवावं लागतं.

मी बोलणार आहे तो या चौकडीतल्या पहिल्या नाटकाच्या, ‘ऱ्हाइनचं सोनं’च्या व्हिडिओबद्दल. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या ऑपेरागृहात २००७ साली हा प्रयोग झाला. संगीत संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांचं आणि दिग्दर्शन कार्लुस पाद्रिसा यांचं, ‘ला फुरा देल्स बाउस’ या कातालान नाटकमंडळीच्या वतीनं. कथा थोडक्यात अशी. ऱ्हाइन नदीच्या तळाशी सोनं आहे आणि तीन जलकन्या ते राखतात. आल्बेरिख नावाचा बुटका त्यांच्यावर लट्टू होतो. त्या त्याची टर उडवतात. तो चिडून प्रेमाचाच त्याग करतो आणि सोनं पळवतो. तिकडे वर देवांचा राजा वोटान यानं राक्षसांकडून महाल बांधून घेतलाय, पण ठरलेली मजुरी द्यायची वेळ आली की त्याची टाळाटाळ सुरू होते. मग आल्बेरिखला फसवून ते सोनं आणि त्याची अंगठी लुबाडली जाते आणि मजुरी त्यातून चुकवली जाते. बी.ए.ला होतं तेवढ्या इंग्रजीच्या भांडवलावर पडद्याखालच्या ओळी वाचत मी हे पाहिलं. मजुरीचा भाग समजायला मात्र भाषांतराची गरज पडली नाही.

पाद्रिसांच्या जलकन्या खरोखरच पाण्यानं भरलेल्या काचेच्या टाक्यांमध्ये आहेत. पाण्यात बुडायचं, वर यायचं आणि गायचं! हा भाग अप्रतिम झालाय. देव क्रेनवर उभे. ते पायांनी चालत नाहीत, माणसं त्यांना ढकलत नेतात. कल्पना चोख आहे, पण दोन अडीच तासांत तिचा कंटाळा येतो. महाल दगडांचा नाही, अधांतरी एकमेकांना धरून लटकणाऱ्या माणसांचा आहे. मागे सतत संगणकी चित्रं. ती निम्मी केली असती तर गाणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष राहिलं असतं. झुबिन मेहतांचा वाद्यवृंद मात्र घाई करत नाही. सुरुवातीला एकाच स्वरमेळावर चारेक मिनिटं नदी जागी होते, तिथं आपल्याकडच्या आलापीची आठवण यावी.

आता जुन्या नाटकाला असा नवा पोशाख घालावा का, हा प्रश्न. मराठी माणसाला तो नवा नाही. ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ साली बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ रचला तो जॉन गेच्या १७२८ च्या इंग्रजी नाटकावरून; आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांनी तो थिएटर अ‍ॅकॅडमीसाठी बसवला. अडीचशे वर्षांत एका गोष्टीनं तीन देशांचे कपडे घातले.

वाग्नरच्या बाबतीत मात्र कपडे बदलण्यामागे एक दुखरी नस आहे. या माणसानं १८५० साली टोपणनावानं ज्यूंविरुद्ध एक विखारी लेख लिहिला आणि १८६९ साली तो स्वतःच्या नावानं पुन्हा छापला. पुढे हिटलर बायरॉइटचा भक्त झाला, वाग्नरच्या घराण्याशी त्याचा घरोबा झाला. १९५१ साली बायरॉइट पुन्हा उघडलं तेव्हा वाग्नरचा नातू वीलांट यानं शिरस्त्राणं, झाडं, किल्ले सगळं काढून रिकाम्या मंचावर फक्त प्रकाश ठेवला. त्यात सौंदर्य होतं, झाकपाकही होती.

झुबिन मेहतांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये तेल अवीवला इस्राएल फिलहार्मोनिकच्या कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नर वाजवला. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल जावं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी गदारोळ झाला. एका माणसानं मंचासमोर येऊन अंगावरचे व्रण दाखवले. या वाद्यवृंदानं १९३८ पासून वाग्नर बंद ठेवला होता. मला विचाराल तर वाजवणाऱ्याचं चुकलं नाही आणि उठून जाणाऱ्याचंही नाही.

यात माझाही एक धागा आहे. ऐतिहासिक नाटकांतला डोळ्यांत सुरमा घातलेला, गडगडाटी हसणारा खान मी मंडपात बसून पुष्कळदा पाहिलाय. शेजारचे टाळ्या वाजवतात, नट गुणी असतो, मीही वाजवतो. पण मान खाली घालून. म्हणून ‘ऱ्हाइनचं सोनं’ पाहताना माझं लक्ष वोटानपेक्षा आल्बेरिखकडे. हा कुरूप, लोभी बुटका म्हणजे ज्यूंचं व्यंगचित्र आहे, असं आडोर्नोसारख्या विचारवंतानं म्हटलंय. तेव्हा दिग्दर्शक त्याचं काय करतो, ही माझी कसोटी. पाद्रिसांच्या पाताळात माणसांचे देह मालासारखे टांगलेले आहेत. दृश्य भयंकर आहे, पण आल्बेरिख त्या यंत्रांत हरवतो. त्याच्या अपमानाला चेहरा मिळत नाही.

तो मिळतो पात्रिस शेरोच्या प्रयोगात. १९७६ साली, शताब्दीच्या वर्षी, बायरॉइटनं या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाला बोलावलं. संगीत संचालन पिएर बुलेझ यांचं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, हुर्यो केली. पाचव्या वर्षी, १९८० साली, त्याच प्रयोगाला तासाहून अधिक काळ टाळ्या पडल्या. त्याचा व्हिडिओही मिळतो. शेरोनं ऱ्हाइनच्या जागी चक्क धरण उभं केलं, आणि देवांना एकोणिसाव्या शतकातले कारखानदार केलं.

ते धरण पाहिलं आणि भंडाऱ्याला खेटून वाहणारी वैनगंगा डोळ्यांपुढे आली. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे कित्येक गावं उठली. शेरोच्या मंचावर आल्बेरिख येण्याआधीच नदी कुणीतरी अडवून ठेवलेली आहे. मग पहिला चोर कोण? वाग्नरच्या शब्दांत आल्बेरिख. शेरोच्या चित्रात त्याच्याही आधीचं कुणीतरी, ज्याचं नाव घेतलं जात नाही. एकही शब्द, एकही सूर न बदलता बुटक्यावरचं बालंट हललं. नव्या पोशाखानं एवढं साधलं तर तो घालावा, असं माझं मत. व्हॅलेन्सियाचा प्रयोग डोळ्यांना जास्त देतो, पण ही उचल त्यात नाही.

शेरोच्या प्रयोगाची चौथी रात्र संपते तेव्हा सगळं जळून गेलेलं असतं. मंचावर साधी माणसं पाठमोरी उभी राहून आग बघत असतात. मग ती एकेक करून वळतात आणि प्रेक्षकांकडे पाहत राहतात. घरच्या पडद्यावर ती सरळ आपल्याच खोलीत बघतात.